ऑड्री बोगद्यात मावत नाही

"अहो! ओ बाई! ते लॉक माझं आहे!"

ब्रायनीनं सुकाणूवरचा हात न काढता मागं वळून पाहिलं. काठच्या पायवाटेवरून एक ताडमाड माणूस धावत येत होता. अंगात पिठानं माखलेला एप्रन, एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात कांदा. भुरभुर पावसानं त्याचे केस कपाळाला चिकटले होते आणि चेहऱ्यावर भर बाजारात खिसा कापला गेल्याचा भाव होता.

"तुमचं?" ती म्हणाली. "नाव कुठं लिहिलंय त्यावर?"

"नाव नाही लिहिलं, घाम गाळलाय! रिकामं मी केलं, दारं मी उघडली, आणि मी जरा—"

"जरा कांदा आणायला गेलात."

"गिऱ्हाइकाला कांदा हवा होता!"

कालव्यावर राहणाऱ्यांचे कायदे कुठं लिहिलेले नसतात, पण मोडले की लोक वर्षभर बोलत राहतात. चढावर बोट न्यायची तर लॉकच्या दगडी कोठीतलं पाणी आधी खाली सोडायचं, दारं उघडायची, बोट आत घ्यायची, मग दारं लावून कोठी पुन्हा भरायची, म्हणजे पाण्याबरोबर बोट वर उचलली जाते. ज्यानं कोठी रिकामी केली त्याचा पहिला मान. दुसऱ्यानं तयार ठेवलेल्या लॉकमध्ये आपली बोट घालणं म्हणजे दुसऱ्याच्या वाढलेल्या पानावर जाऊन बसणं. पण लॉकपाशी थांबायच्या जागेला बोट बांधून तिथं दुकान मांडणं, हेही तितकंच वाईट. थोडक्यात, दोघंही चुकले होते, आणि म्हणूनच भांडणाला असा रंग चढला.

"मागं घ्या," तो म्हणाला.

"निम्मी आत गेलीय. मागं घेतली तर आडवी होईल, मग तुम्हीही इथंच आणि मीही इथंच."

त्यानं बोटीकडं पाहिलं. मग तिच्याकडं पाहिलं. मग कांद्याकडं. आणि त्याला हसू आलं... ते दाबायचा त्यानं प्रयत्नही केला नाही.

"एकट्याच आहात?"

"तुम्हाला दुसरं कुणी दिसतंय?"

"खरं सांगू? तुम्हीसुद्धा आत्ता जवळ आल्यावर दिसलात. लांबून मला वाटलं, बोट आपली आपणच चाललीय."

ब्रायनीची उंची जेमतेम पाच फूट होती आणि त्यावरचे विनोद ती शाळेपासून ऐकत आली होती. तिनं हनुवटी वर केली. "माझ्या उंचीवर एक विनोद माफ असतो. तुमचा झाला."

"मंजूर," तो म्हणाला. त्यानं कांदा एप्रनच्या खिशात टाकला, उलथनं कमरेला खोचलं आणि लॉकच्या भल्यामोठ्या दाराला पाठ लावून ते ढकलायला सुरुवात केली. एकट्या माणसाला ते दार ढकलताना किती दम लागतो ते तिला ठाऊक होतं. बोट पाण्याबरोबर वर येत असताना ती त्याच्याकडंच बघत राहिली... आणि वर आल्यावर दोघांचे डोळे प्रथमच एका पातळीवर आले, तेव्हा तिनं घाईघाईनं दोरखंड आवरायला घेतला.

"हे घ्या," थोड्या वेळानं तो म्हणाला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला गरम ओटकेक होता. स्टॅफर्डशरचा तो मऊ, जाळीदार, धिरड्यासारखा पदार्थ. आत वितळलेलं चीज आणि परतलेला कांदा.

"हे कशाबद्दल? दंड तर मी भरायला हवा."

"भरा की. पुढचं लॉक माझ्यासाठी तुम्ही उघडा."

त्याचं नाव जेथ्रो. त्याची बोट म्हणजे तरंगती खानावळ. कडेची खिडकी उघडली की आत तवा, आणि काठावर गिऱ्हाइकं. बोटीला त्यानं आजीचं नाव दिलं होतं, ऑड्री. "आजीचं नाव असलं की बोट बिघडली तरी शिव्या देता येत नाहीत," तो म्हणाला. ऑड्रीचं छप्पर इतर बोटींपेक्षा चांगलंच उंच होतं. सहा फूट चार इंच उंचीचा हा माणूस आईबापांच्या बुटक्या घरात तुळईवर डोकं आपटत मोठा झाला होता. दिवसभर तव्यापुढं उभं राहायचं तर ताठ उभं राहायचं, असं ठरवून त्यानं बोट मुद्दाम तशी बांधून घेतली होती.

"आणि तुम्ही कुठवर?" त्यानं विचारलं.

"हॉकस्लोच्या बोगद्यापलीकडं. थॉर्नलीच्या बोटींच्या कारखान्यात नोकरी मिळालीय. रंगकामाची. फुलं, किल्ले, बोटींची नावं."

"बोगद्यापलीकडं," तो म्हणाला. त्यानं ऑड्रीच्या छपराकडं पाहिलं. "बरं... मीही वरच चाललोय."

ब्रायनीची बोट, 'रेन', तिच्या मापाची होती, आणि 'मापाची' हा शब्द इथं अगदी शब्दशः घ्यायचा. बांधणाऱ्या म्हाताऱ्यानं शिंप्यानं घ्यावीत तशी तिची मापं घेतली होती. उभी राहा. बस. हात वर कर. आता फळीवर झोपून दाखव. त्यामुळं 'रेन'मध्ये कुठल्याही फडताळाला हात पोचावा म्हणून स्टुलावर चढावं लागत नसे, ओटा बरोबर तिच्या कमरेला यायचा, आणि छप्पर इतकं बुटकं होतं की मागं सुकाणूशी उभं राहून तिला त्यावरून समोरचा कालवा स्वच्छ दिसायचा. उशीशेजारी, पाण्याला टेकेल अशी एक छोटी खिडकी तिनं मागून घेतली होती. सकाळी डोळे उघडले की बाहेरून एखादं बदक आत डोकावत असे आणि दोघं बराच वेळ एकमेकांकडं बघत राहत.

एका गोष्टीवरून मात्र म्हाताऱ्याशी तिचं वाजलं होतं. तिला आंघोळीचा टब हवा होता. "एका अंगाला एवढं पाणी भरलंस तर बोट कलंडेल," तो म्हणाला. "कलंडू दे," ती म्हणाली. आणि बोट कलायची. टब भरला की रेन डावीकडं झुकायची, ओट्यावरची अंडी घरंगळत एका कोपऱ्यात जमा व्हायची, आणि ब्रायनी गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून छताकडं बघत हसायची. या बोटीवर तिचा जीव होता.

बोटीत खुर्ची एक, पलंग एकाचा. तेही मुद्दामच. ज्युलियनशी तिचं लग्न ठरलं होतं. तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला. जाताना म्हणाला, पुढच्या आठवड्यात येतो. मग म्हणाला, त्याच्या पुढच्या. ती एका भाड्याच्या खोलीच्या खिडकीत बसून थंडी संपेपर्यंत वाट बघत राहिली, आणि शेवटी त्याच्या बहिणीकडून कळलं की तो येणारच नाही. त्यानंतर तिनं ठरवलं, घर असं हवं की मला वाटेल तेव्हा मी निघेन, आणि तिथं दुसऱ्या कुणाला जागा कमी पडली तर तो त्याचा प्रश्न.

पण जेथ्रोला जागा कमी पडते हे त्याच्या लक्षातच येत नव्हतं.

पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा दारात, दिव्याला आणि पुन्हा दारात, असं तीनदा त्याचं डोकं आपटलं. दुसऱ्या दिवशी तो आला तो डोक्यावर किटलीला घालायची लोकरी टोपी चढवून. लाल-पिवळी, वर गोंडा असलेली.

"हे काय?" ब्रायनीला हसू आवरेना.

"संरक्षण. आजीनं विणलीय."

"किटलीसाठी!"

"किटलीला मी समजावलंय."

तिनं त्याला एकुलती एक खुर्ची दिली आणि स्वतः कोळशाच्या पेटीवर बसली. त्याचे गुडघे जवळजवळ कानाला लागत होते, पण तो तासभर तसाच बसून राहिला, आणि निघताना म्हणाला, "काय सुरेख आहे गं तुझी बोट." 'तुमची'चं 'तुझी' केव्हा झालं ते दोघांनाही कळलं नाही.

तिच्या पुढं दहा दिवसांची वाट होती. एकजण पुढं जाऊन लॉक तयार करायचा, दुसऱ्यानं बोट आणायची, मग उलट. एकटीनं जिथं अर्धा दिवस मोडला असता तिथं दुपारच्या आत चार लॉकं मागं पडायची. ऑक्टोबर संपत आला होता. काठावरच्या ब्लॅकबेरी काळ्या पडून गळत होत्या आणि सकाळी पाण्यावर धुकं बसलेलं असे. ब्रायनीनं ऑड्रीच्या खिडकीच्या फळ्यांवर गुलाब रंगवायला घेतले. रिमझिम लागली की जेथ्रो तिच्यावर छत्री धरून उभा राहायचा आणि तवा जळायचा.

"जा ना. गिऱ्हाइकं खोळंबलीत."

"असू देत. गुलाब भिजेल."

"हा रंग भिजत नाही."

"मग तू भिजशील."

एका सकाळी तो तिच्या खिडकीवर टकटक करत म्हणाला, "आज आंघोळ फार लांबली."

"तुला काय माहीत?"

"रेन पाऊण तास डावीकडं कललेली होती. आख्ख्या काठाला माहीत आहे."

ती कानापर्यंत लाल झाली. "तू दुसरीकडं बघत जा!"

"बघतो की... पण दुसरीकडं बघण्यासारखं आहे काय?" हे त्यानं असं सहज म्हटलं आणि मग स्वतःच गोंधळून कोळसेवाल्या बोटीला हाक मारायला पळाला.

कोळशाचं त्याचं वेड तर तिला कळेचना. कोळशाची बोट भेटली की घे चार गोण्या, मग आणखी सहा. एकदा वाटेत पडक्या भट्टीपाशी थांबून त्यानं मालकाला विचारून विटासुद्धा भरून घेतल्या. ऑड्री दिवसेंदिवस पाण्यात खाली बसत चालली होती.

"उत्तर ध्रुवावर चाललायस का?"

"यंदा थंडी फार पडणार म्हणतात."

"आणि विटा? त्या जाळणार?"

"लागतात गं विटा," तो म्हणाला, आणि तिच्या हनुवटीवर लागलेला निळा रंग अंगठ्यानं पुसायला लागला. रंग पुसून झाला तरी अंगठा तिथंच होता. पाणी काठाला लागून वाजत होतं... त्या रात्री झोपताना तिनं स्वतःशी कबूल केलं की ती प्रेमात पडलीय आणि आता काही इलाज नाही. आणि ते कबूल करताच तिला भीती वाटली.

बुधवारी संध्याकाळी हॉकस्लोचा बोगदा आला. टेकडीच्या पोटात शिरणारं काळं, बुटकं तोंड. हिवाळ्याच्या दुरुस्तीसाठी बोगदा बंद व्हायच्या आधीची शेवटची खेप गुरुवारी सकाळी सुटणार होती. रेनच्या मागं मॉरीन आणि सिरिल या म्हाताऱ्या नवराबायकोची बोट होती, त्यामागं आणखी एक. बोगद्याचा रखवालदार क्लेमेंट प्रत्येक बोटीवरून एक आडवा दांडा फिरवून उंची बघत होता. दांडा छपराला लागला तर बोट जाणार नाही, इतकं सोपं.

रेनवरून दांडा हातभर अंतर ठेवून गेला. मग क्लेमेंटनं वर पाहिलं आणि त्याच्या भुवया टोपीत गेल्या.

"जेथ्रो? तू रांगेत काय करतोयस?"

"मोज."

"अरे, ऑड्री मावत नाही. तुलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे."

"मोज तर खरं."

टक्. दांडा छपराच्या कडेला लागला. चार अंगुळं जास्त.

"टाकीत अजून पाणी भरतो," जेथ्रो म्हणाला. त्यानं भरलं. मॉरीन, सिरिल आणि मागच्या बोटीवरची सगळी मंडळी ऑड्रीत जाऊन उभी राहिली. मॉरीन म्हणाली, वजनाच्या कामी आपण आयुष्यात पहिल्यांदाच उपयोगी पडतोय. क्लेमेंटनं पुन्हा दांडा धरला. टक्. अजून तीन अंगुळं राहिलीच होती.

"टनभर भरशील तेव्हा कुठं अंगुळभर बसते बोट," क्लेमेंट हळू आवाजात म्हणाला. "आणि कोळसा तर आधीच ठासून भरलायस. याहून जास्त भरलास तर बुडेल, पोरा."

ब्रायनी काठावर उभी होती. कोळसा. विटा.

"तू... यासाठी घेत होतास?"

मंडळी शहाणी होती. चहा गार होतोय म्हणत एकेक जण पांगला. जेथ्रो ऑड्रीच्या कडेवर बसला. आता त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर होता.

"बांधणाऱ्यानं विचारलं होतं मला," तो म्हणाला. "एवढी उंच करतोयस, बोगद्यातून कधी जायचंय का? मी म्हटलं, छे, पलीकडं माझं काय आहे?" तो थांबला. "तेव्हा नव्हतं काही."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू पहिल्याच लॉकला 'बराय' म्हणून निघून गेली असतीस. मला वाटलं, बसेल ऑड्री खाली. थोडंच तर हवंय. रोज रात्री पट्टी घेऊन मोजत होतो, मूर्खासारखा." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "ऐक. दुसरी वाट आहे. दक्षिणेकडून फेरा मारून. पुढल्या महिन्यात तिकडची लॉकंही दुरुस्तीला बंद होतील, पण उद्या निघालो तर तीन आठवड्यांत पोचेन. येतो मी, ब्रायनी."

येतो मी. ज्युलियनचेही हेच शब्द होते. ती आतून गार पडली.

"नको."

"का?"

"येतो म्हणू नकोस मला. येतो म्हणणारी माणसं मी पाहिलीत."

"मी तसा नाही."

"ज्युलियनही आधी तसा नव्हता!" तिचा आवाज चढला. "तुझी गिऱ्हाइकं इकडं आहेत, सगळं इकडं आहे. आज म्हणशील येतो. मग लॉकं बंद होतील, मग थंडी, मग मार्च. मी पुन्हा खिडकीत बसून कुणाची वाट बघणार नाही, जेथ्रो. जे काही आहे ते इथंच संपवू या. नको येऊस."

तो तिच्याकडं बघत राहिला. 

"बरं," तो म्हणाला.

एवढंच! ती दाणदाण पाय आपटत रेनमध्ये गेली आणि तिनं दार लावून घेतलं. नको म्हटलं तर हा लगेच बरं म्हणतो? मग तिनं टब भरला, त्यात बसली आणि रडली. बोट डावीकडं झुकली. बाहेरून ते कुणी बघत असेल का, असाही विचार तिच्या मनात येऊन गेला.

सकाळी पडदा सरकवला तर शेजारची जागा रिकामी होती.

"पहाटेच गेला," क्लेमेंट म्हणाला. तो तिच्या पुढच्या दिव्याची तपासणी करत होता. "मागं वळवायला घेऊन गेला बोट. का गं, भेटून नाही गेला?"

"नाही," ब्रायनी म्हणाली. "कशाला भेटेल?"

मॉरीननं मागच्या बोटीवरून तिच्याकडं पाहिलं आणि आपला दिवा लावला.

बोगद्यात शिरलं की मागचा उजेड आधी वाटीएवढा होतो, मग बिंदूएवढा, मग नसतोच. इंजिनाची धडधड दगडावरून परत येत होती, छतातून थेंब मानेवर पडत होते, आणि मागून मॉरीनच्या बोटीचा दिवा तेवढा सोबतीला होता. ब्रायनीनं सुकाणू घट्ट धरलं. डोळे पुढं होते, मन मागं. रोज रात्री पट्टी घेऊन मोजत बसलेला माणूस तिला दिसत होता. एवढा मोठा माणूस, अंधारात वाकून, चार अंगुळांसाठी. ज्युलियननं तिच्यासाठी कधी एक गोणीसुद्धा उचलली नसती. आणि हे तिला काल, त्याच्यासमोर उभी असताना का सुचलं नाही? ज्युलियनवरचा राग तिनं जेथ्रोवर काढला होता. आता तो गेला, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. तिनंच नको म्हटलं होतं. तिचं त्याच्यावर प्रेम होतं आणि ते तिनं या दगडांना सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं.

समोर करडा ठिपका दिसू लागला. तो मोठा झाला, त्यात झाडं आली, आभाळ आलं. रेनचं नाक उजेडात गेलं. आणि बोगद्याच्या तोंडाशी, पायवाटेच्या दगडी कठड्यावर, गुडघ्यापर्यंत चिखलानं बरबटलेला, छातीचा भाता झालेला जेथ्रो बसला होता.

तिनं इंजिन बंद केलं. बोट तशीच रेंगाळत पुढं आली आणि अर्धी आत, अर्धी बाहेर अशी कठड्याला लागून थांबली.

"तू... तू गेला होतास!"

"बोट वळवायची जागा मागं मैलभर आहे." त्याला धड बोलता येत नव्हतं. "वळवली... बांधली... आणि मग वरून आलो." त्यानं डोक्यावरच्या टेकडीकडं बोट दाखवलं. बोटी घोडे ओढायचे त्या काळात घोड्यांना बोगद्यातून नेता येत नसे, म्हणून त्यांना टेकडीवरून पलीकडं आणत. ती जुनी घोड्यांची वाट अजून होती, काट्याकुट्यांत बुडालेली. "घोड्यांचे काय हाल होत असतील गं... फार चढ आहे."

"मी तुला येऊ नकोस म्हटलं होतं."

"तू म्हणालीस, येतो म्हणू नकोस. म्हणून म्हटलं नाही." त्यानं श्वास घेतला. "आलो."

ब्रायनीचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तिथं काही आडोसाही नव्हता.

"बोट तीन आठवड्यांनी पोचेल," तो म्हणाला. "किंवा लॉकं बंद झाली तर मार्चमध्ये. बोटीचं मी काय सांगू? पण मी दर रविवारी असाच उगवणार. आगगाडीनं, बसनं, नाहीतर या घोड्यांच्या वाटेनं. तू दार उघडलं नाहीस तर काठावर बसेन आणि परत जाईन. माझं प्रेम आहे तुझ्यावर, ब्रायनी. कालच सांगायचं होतं, पण तू इतकी रागावली होतीस की मला वाटलं, आत्ता जे बोलेन ते सगळं वाया जाईल."

मागून, काळोखातून, भोंगा वाजला.

"पोरी!" मॉरीनचा आवाज बोगद्यातून घुमत आला. "पुढं सरक गं! आम्ही डोंगराच्या पोटात अडकलोय!"

"गप की जरा," सिरिलचा आवाज आला. "ऐकू दे, काय म्हणतेय ती."

ब्रायनी रडता रडता हसायला लागली. "मी सगळ्या वाटेनं तुझ्याशी भांडत आले," ती म्हणाली. "मग तुझी माफी मागत आले. आणि तू समोर नव्हतास म्हणून मला इतकं वाईट वाटलं, इतकं... माझंही आहे रे. प्रेम. पहिल्या दिवसापासून, त्या कांद्यापासून."

"काय म्हणाली?" तिसऱ्या बोटीवरून कुणीतरी विचारलं.

"हो म्हणाली!" मॉरीन ओरडली. "आता सरक, बाळा!"

जेथ्रो कठड्यावरून खाली रेनवर उतरला. मागच्या टोकाला एकट्या माणसापुरतीच जागा होती, पण ती कशीबशी दोघांना पुरली. त्यानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्याचे हात थंड होते, त्यांना ओल्या मातीचा वास येत होता, आणि तिनं टाचा उंच करून त्याच्या कोटाची गळपट्टी खाली ओढली. मग बराच वेळ सुकाणूकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. भोंगा आणखी दोनदा वाजला.

शेवटी तिनं बोट बाहेर काढून काठाच्या खुंट्यांना बांधली. पुढचा दोर बांधला, मागचा बांधला, दोन्ही गाठी पुन्हा तपासल्या. आत जाऊन शेगडी विझवली, जाड मोजे चढवले आणि दाराला कुलूप घातलं.

"हे काय करतेयस?" जेथ्रो म्हणाला.

"सोमवारी कामावर हजर व्हायचंय. आज गुरुवार."

"मग?"

"मग काय? तू एकटा लॉकं उघडत बसलास तर नाताळ उजाडेल. रविवारपर्यंत मी दारं उघडते, तू बोट हाक. जितकी पुढं जाईल तितकी जाईल. मग मी गाडी पकडून परत येते."

"आणि रेन?"

"रेन कुठं पळून जातेय?"

"आम्ही बघू तिच्याकडं," मॉरीन म्हणाली. त्यांची बोट आता उजेडात आली होती आणि ती कमरेवर हात ठेवून ऐटीत उभी होती, जणू सगळं तिनंच जुळवून आणलं होतं. "पुढच्या पुलापाशीच थांबणार आहोत आम्ही. जा. आणि पाय सांभाळून टाक, तिथं खडक निसरडा आहे."

घोड्यांची वाट झाडीतून सरळ वर चढत होती. पानं ओली होती, मातीवर त्याच्याच मघाच्या पावलांचे खोल ठसे होते, उलट्या दिशेचे, धावत आल्याचे. ब्रायनी पुढं चढू लागली. त्याला अजून दम लागत होता, म्हणून ती जरा हळू झाली. मागं न बघता तिनं आपला हात मागं केला, आणि जेथ्रोनं तो धरला.